घरी गेला तो भूत

मोबाइल खिशात घाला आधी. आणि मध्ये बोलायचं नाही. हे प्रफुल्लचं सांगतोय, अंबडला माझ्याच कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होता तो. या निसारचाचाला खोटं सांगून काय मिळणारे?

ती प्रेस चीनहून आलेली. बसवायला तिकडचाच एक इंजिनीयर आला होता. सेकंड शिफ्टच्या जीवनला भारी चौकशा. त्यानं विचारलं, "तुमच्यात भूत कसं लिहितात?" इंजिनीयरनं कागदावर काढून दाखवलं. वर भलंमोठं डोकं, खाली दोन पाय. मग मोबाइलवर मराठी करून म्हणाला, "ग्वेई. परत जाणे, याचाही उच्चार जवळजवळ तोच. म्हणून जुनी माणसं सांगतात, भूत म्हणजे आपल्या घरी परत गेलेला."

जीवन हसला. "घरी गेला तो भूत? मग आम्ही ओव्हरटाइमवाले कोण?"

तेव्हापासून शिफ्ट सुटली की रजिस्टरात सहीच्या जागी गडी तेच अक्षर काढायचा. म्हणजे, चाललो घरी.

आता आमच्यात नियम असा, की रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा गडी, आल्याशिवाय मशीन सोडायची नाही. जीवनचा रिलीव्हर प्रफुल्ल. लागोपाठ डबल शिफ्ट करून पोरगं पिचलेलं. एका रात्री अकराला यायचं, तर डोळाच उघडला नाही. जीवन वाट बघत बसला. पहाटे स्टुलावर बसल्या बसल्याच गेला. सहीचा रकाना तसाच कोरा.

तिथून प्रफुल्लची झोप उडाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. अंग नुसतं मोडून यायचं, पण डोळा लागेल तर शपथ!

सात महिने गेले. मंगळवार, २८ जानेवारी २०२५. पौष अमावस्येची रात्र. तिकडे चीनमध्ये त्या रात्री नव्या वर्षासाठी सगळे घरी परततात म्हणे.

प्रफुल्ल अकराला पाच कमी असतानाच आला. त्या दिवशी सेकंड शिफ्ट नव्हती. प्रेस बंद. मेन स्विच खाली.

स्टुलावर कोणीतरी पाठमोरं बसलेलं.

"आलास...?"

राग नव्हता आवाजात. नुसता थकवा.

प्रफुल्ल रडतच म्हणाला, "आलो, जीवनभाऊ. लय उशीर केला मी. माफ कर. जा तू... जा घरी."

स्टूल करकरलं.

मग... काही नाही.

प्रफुल्ल तिथंच भिंतीला टेकला आणि, खरं सांगतो, गाढ झोपला.

सकाळी त्यानं कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. जीवन गेला त्या तारखेचं पान उघडलं. रकाना कोरा नव्हता. भलंमोठं डोकं, खाली दोन पाय.

शाईनं नाही. मशीनच्या ऑइलनं. बोट लावून बघितलं, तर... ओलं.