फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि कोंडाईबारीचा घाट

‘अं… ऐका ना, हे लिहून घ्या–’

हेमराजचा तो आवाज वर्षाला आजही आठवतो. रस्त्यात एखादी जुनी फियाट दिसली की हमखास.

साल चौऱ्याण्णव. उन्हात भाजून निघालेलं सुरत, गोडादऱ्यातलं पत्र्याचं गॅरेज. वर्षाचे वडील सुकलालआप्पा पलसाण्याच्या कापडमिलमध्ये रंगमास्तर. त्यांना जुनी गाडी घ्यायची होती. विकाऊ दोन होत्या– पांढरी अ‍ॅम्बेसेडर आणि निळी फियाट. पारख करायला हेमराज मिस्तरी, अन् टिपून घ्यायला वर्षाची कॉलेजची वही.

गॅरेजात येणारी प्रत्येक बाई हेमराजची ‘बेन’, म्हणजे बहीण. सुरतेची रीतच ती. शोभाबेन, रुक्मिणीबेन… वर्षाला मात्र तो काहीच म्हणत नसे. नुसतं ‘अं… ऐका ना’. तेवढं ऐकायला ती दर रविवारी आप्पांबरोबर येई.

पहिल्या रविवारी हेमराज रंगात होता. “अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन दीड हजार सीसीचं, फियाटचं अकराशे. पण फियाट अंगानं हलकी. लिटरला तेरा जाईल. अ‍ॅम्बेसेडर नवावरच दमेल.”

“म्हणजे अ‍ॅम्बेसेडर ही भरल्या अंगाची आत्याबाई,” वर्षा म्हणाली. “अन् फियाट?”

“अखाजीला माहेरी निघालेली पोर,” तो हसला. “पाय ठरत नाहीत जमिनीवर!”

तेवढ्यात अखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, नाव ऐकून आप्पा त्यांच्या अहिराणीत बोलले, “अखाजीलेच जानं शे रे भो! अमळनेरले हिनाकरता पोऱ्या पाहेल शे. मोठं घर. बसमा गऊत तर नाक राही का?”

हेमराजच्या हातातला पाना नटावरच थांबला.

त्या दिवसापासून दोन्ही गाड्या बिघडत गेल्या. दुसऱ्या रविवारी अ‍ॅम्बेसेडरचं स्टेअरिंग जड झालं. तिसऱ्या रविवारी फियाटचं पाणी तापायला लागलं. “वाटेत कोंडाईबारीच्या घाटात उभी राहील, आप्पा.”

“मंग काय बैलगाडी लेऊ?” आप्पा वैतागले, आणि अ‍ॅम्बेसेडरची डिकी बघायला पलीकडे गेले. अखाजी चार दिवसांवर आली होती.

वर्षानं वही मिटली.

“आत्ता फियाटनं पलसाण्यापर्यंत जाऊन आलो ना आपण? मागच्या सीटवरून मी पाण्याचा काटा बघत होते. अर्ध्याच्या वर गेला नाही.”

“काटा… बिघडला असेल.”

“आणि मिस्तरीचं काय बिघडलंय?”

तो पुसलेली बोटंच फडक्यानं पुन्हा पुसत राहिला.

“गाडीबाबत तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून आप्पा इथं येतात,” ती हळूच म्हणाली. “मी… त्यासाठी येत नाही. पण आज नाही बोललात, तर आप्पा गाडी दुसऱ्या मिस्तरीला दाखवतील. चार दिवसांनी मी घाट चढून गेलेली असेन.”

पलीकडे डिकी धाडकन बंद झाली. आप्पांच्या चपला वाजू लागल्या– जवळ, आणखी जवळ.

“फियाट चांगली आहे,” हेमराज भरभर म्हणाला. “घाट हसत चढेल. पण… तू नको जाऊ, वर्षा. मी आजच आईला पाठवतो आप्पांकडे, मागणी घालायला.”