दलदलीवरची शिदोरी

नोव्हेंबरच्या चौदा तारखेला दुपारी लेम्पी निएमी धाकट्या दिरासाठी शिदोरी करत होती. दुसऱ्या दिवशी हरणांची शिकार खुली व्हायची. मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला आदल्या दिवशी घरोघरी हेच चाललेलं असतं. मांस, बटाटा, सलगम बारीक चिरून मैद्याच्या पारीत भरायचं, भल्यामोठ्या करंजीसारखी मुरड घालायची, भाजून कागदात गुंडाळायचं आणि मागच्या ओसरीवर ठेवून द्यायचं. थंडीनं त्याचे दगड होतात. जंगलातल्या खोपटात चुलीवर गरम केलं की झालं जेवण. पास्टी म्हणतात त्याला.

गेल्या वर्षापर्यंत ती दोघांच्या पास्ट्या करायची, नवरा वाइनो आणि दीर उर्हो यांच्या. गेल्या वर्षी वाइनो दलदलीकाठच्या त्यांच्या खोपटावरून परतलाच नाही. लोकांनी कुत्री आणली, अख्खी दलदल पालथी घातली. टोपीसुद्धा सापडली नाही.

उर्हो आला तो दारातच उभा राहिला.

"आत ये की. कॉफी टाकलीय."

"नको." चौकटीला हात टेकून तो म्हणाला, "लेम्पी, वर्षभर एक गोष्ट गिळून बसलोय. त्या संध्याकाळी बाहेरून वाइनोच्या हाका आल्या. दलदलीकडून. 'उर्हो, बर्फ फुटलंय रे... ये लवकर...'"

"आणि तू गेला नाहीस?"

"कसा जाणार? वाइनो माझ्यासमोर बसून जेवत होता."

लेम्पीचे हात पिठात तसेच राहिले.

"मान खाली घालून खात होता. मी म्हटलं, ऐकलंस का रे? तो नुसता चावत राहिला... बाहेर हाका चालूच. अर्धा तास असेल. मग थांबल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो, वळून बघायची छाती झाली नाही. सकाळी खुर्ची रिकामी होती."

"म्हणजे अर्धा तास तो जिवंत होता."

"हो."

"आणि हे तू आज सांगतोस मला."

उर्होनं मान वर केली नाही. "यंदा हाक आली तर जाईन," तो म्हणाला.

'जाऊ नकोस' हे शब्द लेम्पीच्या ओठांवर आले होते. ते तिनं तिथेच दाबले. ओसरीवरच्या पास्ट्या आणून पोत्यात भरल्या, तोंड घट्ट बांधलं आणि पोतं त्याच्या हातात दिलं. त्यानं ते खांद्यावर टाकलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती खिडकीत उभी होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

रविवारी तो यायचा होता, आला नाही. सोमवारी सकाळी शेजारच्या आर्विडनं आपली गाडी काढली आणि तीही बरोबर गेली.

उर्हो दलदलीच्या काठाशी होता. कमरेपर्यंत बर्फात गोठलेला, एक हात पुढे लांबवलेला, जणू कुणाला तरी ओढून काढत होता. आर्विडनं त्याचा चेहरा पुसून पाहिला.

"चार दिवस तरी झाले असतील," तो हळूच म्हणाला. "तू इथंच थांब. पांघरायला काहीतरी आणतो खोपटातून."

तो गेला आणि लगेच परत आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"लेम्पी... उर्हो एकटाच आला होता ना?"

ती खोपटाकडे चालू लागली. गुरुवारपासून बर्फ पडत होतं. खोपटाभोवती ते गुडघाभर साचलं होतं आणि त्यावर आर्विडच्या पावलांखेरीज एकही माग नव्हता. दार उघडताच ऊब अंगावर आली. भाजल्याचा खमंग वास आला.

चूल धडधडत होती. तव्यावर एक पास्टी ठेवलेली होती, आणि तिच्या कडा नुकत्याच तांबूस होऊ लागल्या होत्या.