तोरणाची तार

पंखा जोरात फिरत होता, वारा थेट तोंडावर येत होता, आणि तरीही गाडीच्या आत पापड भाजता आले असते. असं कसं? शाल्मलीला काही कळेना. तेवढ्यात गाडी बोलली. हो, बोलली! त्या काळात सगळ्याच गाड्या बोलत, आणि ही तर जरा जास्तच बोलायची.

"आत बालक आहे. तापमान धोक्याचं आहे. थंडावा सुरू होईपर्यंत गाडी निघणार नाही. गॅस कमी आहे. कृपया गॅस भरा."

"मी बालक नाही, सहावीत आहे!" शाल्मली ओरडली. पण यंत्राला कोण समजावणार?

हिंगणघाटला तेव्हा उन्हाळ्यात 'लाल दुपार' जाहीर व्हायची. भोंगा वाजला की बस बंद, रिक्षा बंद. ऊन उतरेपर्यंत थंड गाडीशिवाय रस्त्यावर यायचंच नाही. आणि नेमके आजच शाल्मलीचे बाबा नागपूरहून संध्याकाळच्या विमानाने निघणार होते. दक्षिण ध्रुवावरच्या संशोधन केंद्रात, दोन वर्षांसाठी! आई-बाबा वेगळे झाल्यापासून ती आईच्या वडिलांकडे, वामनआजोबांकडे राहत होती. बाबा भेटायचे ते सुट्टीत, तेही जमलं तर. आज विमानतळावर भेटायचं कबूल झालं होतं.

वामनआजोबा म्हणजे शीतयंत्रांचे निवृत्त शास्त्रज्ञ. जावयाचं नाव निघालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

"तो चालला बर्फात, नि आपण बसलो उकडत," असं पुटपुटत त्यांनी बॉनेट उघडलं.

"लवकर करा नं, आजोबा!"

"करतो नं बापा. आधी रोग ओळखू, मग औषध. वारा येतोय, म्हणजे पंखा ठीक. आता कान दे. कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप) गुणगुणतोय का?"

शाल्मलीने कान दिला. "नाही. गप्प आहे."

"गॅस फार कमी झाला की गाडीच त्याला बंद ठेवते. गॅसबरोबर त्याचं तेल फिरतं. तेलाविना चालला तर जळून जाईल."

"मग गाडी खरं तेच बोलतेय. भरा की गॅस!"

"थांब. हा गॅस जळून संपत नसतो. मला सांग, सुई टोचण्याआधी नर्स स्पिरिटचा बोळा फिरवते, तेव्हा गार का लागतं?"

"स्पिरिट उडून जातं म्हणून."

"उडताना हातातली उष्णता घेऊन जातं म्हणून! गाडीत तेच होतं. आतल्या नळ्यांत एक द्रव उडतो, त्याचा गॅस होतो, आणि तो आतली उष्णता ओढून घेतो. कंप्रेसर त्या गॅसला दाबतो, तसा तो आणखी तापतो. मग समोरच्या कंडेन्सरमध्ये (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) सगळी उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देतो आणि पुन्हा द्रव होतो. की चालला परत आत. थंडी कुणी तयार करत नाही, शालू. इथली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच."

शाल्मलीला जुनं घर आठवलं. आई-बाबांनीही घरातलं भांडण असंच बाहेर टाकलं होतं. घर शांत झालं म्हणे! आणि ते भांडण आलं कुणाच्या वाट्याला? तिच्याच ना? तिला सगळ्या मोठ्या माणसांचा राग आला.

"तोच गॅस फिरतो, तर मग तो कमी कसा झाला?" तिने रागातच विचारलं.

"आता कसं बोललीस! कुठेतरी भोक आहे. गॅसबरोबर तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ बसते. काळा तेलकट डाग शोध."

डाग शाल्मलीलाच दिसला. पुढच्या जाळीच्या आत, कंडेन्सरवर, बरोबर तोरणाच्या तारेमागे. तिचा चेहरा उतरला.

दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचं तोरण बांधायची घरची रीत. आई, बाबा आणि ती एकत्र होती त्या शेवटच्या दसऱ्याला बाबांनी ते आजोबांच्या या गाडीला बांधलं होतं. दोरा तुटत होता म्हणून तार घेतली आणि जाळीतून आरपार घालून आत घट्ट पीळ दिला. पुढे फुलांचा भुगा झाला, तार तेवढी राहिली. त्या तारेला कुणी हात लावला की शाल्मली घर डोक्यावर घ्यायची.

आजोबांनी डागावर साबणाचं पाणी शिंपडलं. उरलासुरला गॅस बाहेर आला आणि टपाटप बुडबुडे उठले. प्रत्येक खड्ड्यात गाडी हादरायची, तारेचं टोक नळीवर घासायचं, आणि घासून घासून भोक पडलं होतं.

"तरी म्हटलं! त्याच माणसाचा उद्योग!" आजोबा कडाडले.

"आणि दोन उन्हाळे गॅस कुणी भरला? भोक न शोधता?" शाल्मलीचा आवाज चिरकला. "बाबांनी नाही, तुम्ही भरलात! शास्त्रज्ञ ना तुम्ही?"

आजोबांनी साबणाचं पाणी खाली ठेवलं. मग म्हणाले, "खरंय. दर उन्हाळ्याला सगळे भरतात, तसा मीही भरला. तो सगळा हवेत गेला. आणि हवेत गेलेला हा गॅस उष्णतेला पृथ्वीबाहेर जाऊ देत नाही, अडवून धरतो. ह्या लाल दुपारांत माझाही हात आहे, पोरी."

"ते मग बघू! आजच्या दिवस तसाच भरा नं!"

"घरात गॅस एकदाच भरता येईल एवढा आहे. भोक मोठं झालंय. अर्ध्या वाटेत संपला तर ही बया तुला घेऊन भर उन्हात अडून बसेल." त्यांनी पक्कड पुढे केली. "तार तूच काप."

शाल्मलीने कापली. तापलेली तार तिने मुठीत धरली ती धरलीच.

मग आजोबांनी उरलेला गॅस टाकीत ओढून घेतला, नळी घासून पुसली आणि भोकावर झटपट घट्ट होणारा धातूचा लेप बसवला. पंप लावून आतली हवा आणि ओल काढायला घेतली. ओल राहिली तर आतल्या बारीक छिद्रात बर्फ होऊन वाट बंद होते. पंपावरचा दाबाचा काटा जागचा हलत नाही ना, हे बघत थांबावं लागलं. शाल्मली एकदा काट्याकडे बघायची, एकदा उन्हाकडे. शेवटी गॅस भरला. कंप्रेसर गुणगुणला.

"तापमान योग्य आहे. शुभ प्रवास!" गाडी आनंदाने म्हणाली. शाल्मलीला तिच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

नागपूरच्या अलीकडची बुटीबोरी आली आणि फोन वाजला.

"शालू, विमानात बोलावतायत गं," बाबांचा आवाज आला. "कुठवर आलीस?"

"बुटीबोरी."

"अरे रे! गाडीत गार आहे ना पण?"

"आहे," शाल्मली म्हणाली. पुढचं बोलायच्या आत फोन बंद झाला.

आजोबांनी गाडी कडेला घेतली. "चुकलं माझं. आधीच बघायला हवं होतं."

"असू दे" असं शाल्मली म्हणाली नाही. का म्हणावं? आत गारेगार वारा सुटला होता आणि ती रडत होती.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. "हा गॅस किती टिकेल?"

"भोक बुजलंय. आता कुठे जातोय तो? दोन वर्षं सहज."

"म्हणजे बाबा येईपर्यंत."

"हो. तोवर थेंबभरही हवेत जाऊ द्यायचा नाही. दर महिन्याला तपासू."

"मी तपासणार. आणि ते आले की दसऱ्याचं तोरणही मीच बांधणार, दोऱ्याने." तिने मूठ उघडली. तारेचा लाल वळ तळहातावर उठला होता. "आणि ही तार त्यांना दाखवणार. तेव्हा तुम्हीही शेजारी उभं राहायचं, आजोबा."

"राहीन," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी गाडी घराकडे वळवली.