ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा

बसा. मधेच फोन वाजला तर मला उचलावा लागेल, तेवढं समजून घ्या. रोज दिवेलागणीला येतो तो.

मी विद्यापीठाची सुरक्षा अधिकारी. चोरांपासूनची सुरक्षा नव्हे, ते काम वॉचमनचं. कुणी जिन्यावरून पडलं, कुणाच्या हातावर ॲसिड सांडलं, की त्याची नोंद करायची, कारण शोधायचं आणि पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, हे माझं काम. माणसं पडतात याचा मला राग नाही. पडून झाल्यावर 'छे, कुठं काय' म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. एका प्राध्यापकांच्या भुवया प्रयोग करताना जळाल्या, तर ते मला सांगत होते की त्या मुळातच विरळ आहेत!

त्यातून हे प्रकरण घरचंच निघालं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आमच्याच जीवशास्त्र विभागात संशोधन करते. त्यांच्या तळघरात एक कोल्ड रूम आहे, चांगली खोलीएवढी. मुलीचे नमुने तिथे, त्यामुळे रोज आत जाणं आलंच. एका संध्याकाळी ती आत असताना बाहेरून दार लागलं. बाहेरून कुलूप असलं तरी आतून दार उघडणारी एक मूठ असते, ती कधीचीच मोडलेली होती.

बहिणीचा फोन आला. "ताई, तू तिथं खुर्ची उबवायला बसली आहेस का गं? माझी पोर गारठून मेली असती!"

मी तडक विभागप्रमुखांकडे गेले. ते चहा पीत होते.

"मॅडम, मुलगी सुखरूप बाहेर आली ना? मग घटना घडली कुठं?"

"आणि मूठ?"

"मागवली आहे की. फाइल वर गेलीय."

वर म्हणजे कुठं, हे आमच्याकडे देवालाच ठाऊक. मूठ बसेपर्यंत ती खोली बंद ठेवायची तर आधी घटना झाली हे सिद्ध करायला हवं, आणि त्यासाठी दार उघडणाऱ्याचा जबाब हवा. घाईही होती, कारण भाची दोन दिवस तापाने पडली तरी सोमवारी परत आत जाणारच होती. नमुने खराब होतील म्हणे. आईवर गेली आहे, दुसरं काय.

"दार कोणी उघडलं?" मी तिच्या उशाशी बसून विचारलं.

"काकांनी. लोकरीची टोपी, तपकिरी स्वेटर... अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता."

"त्यांनी बाहेरून कुलूप काढलं. बरोबर?"

ती पांघरुणाच्या काठाशी चाळा करत राहिली. "मावशी, ते बाहेर नव्हते... आतच होते. मागच्या रॅकपाशी. मी रडायला लागले तेव्हा पुढं आले, दाराला खालून खांदा लावला आणि उघडलं."

"मग दोघंही बाहेर आलात."

"मी आले. ते म्हणाले, तू हो पुढे... मला न्यायला अजून कोणी आलेलं नाही."

ताप आहे, बरळते आहे, असं मी स्वतःला बजावलं आणि रविवारी दुपारी वॉचमनला घेऊन तळघरात उतरले. सुटीमुळे इमारतीत चिटपाखरू नव्हतं. बोळात ओल्या पुठ्ठ्याचा वास कोंडलेला. एक ट्यूबलाइट लागू की नको करत होती, आणि भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर दम लागल्यासारखा घरघरत थांबायचा, पुन्हा घरघरायचा.

कोल्ड रूमच्या दाराशेजारी एक हूक आहे. आत जाणाऱ्याने आपला पत्र्याचा बिल्ला त्यावर अडकवायचा, बाहेर आला की काढायचा. ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. हूक रिकामा दिसला तरच वॉचमनने कुलूप लावायचं. साधी, शहाणी पद्धत. या विद्यापीठात ती कोणाला सुचली याचंच मला नवल वाटलं.

हुकावर एक गंजलेला बिल्ला होता, आणि दाराला कुलूप.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही, मॅडम."

"मग बिल्ला कुणाचा?"

वॉचमनचा आवाज खाली गेला. "काकांचा. कोल्ड रूम तेच बघायचे... मी लागायच्या आधीची गोष्ट आहे. आत अडकले. सकाळी सापडले. कागदावर लिहिलं, स्वतःचा निष्काळजीपणा."

"आणि बिल्ला अजून इथंच?"

"ज्याचा त्यानेच काढायचा ना..."

मी कपाळावर हात मारला. एक बिल्ला कायमचाच लटकत असेल तर हुकाकडे बघणार कोण? भाचीनेही आपला बिल्ला अडकवला होता. याला वाटलं, नेहमीचाच आहे, आणि याने कुलूप लावून टाकलं.

तेवढ्यात दार वाजलं. आतून. उघड्या तळव्याने मारल्यासारखं, सावकाश.

वॉचमन किल्ल्यांचा जुडगा खिशात घालत होता.

"ऐकू आलं का तुम्हाला?"

"ते रोजचंच आहे, मॅडम. लक्ष नाही द्यायचं. त्या संध्याकाळीही वाजत होतं... मला वाटलं, काकाच."

माझी भाची दार बडवत होती, आणि हा लक्ष न देता निघून गेला होता! भीती वाटायला हवी होती, पण मला संताप आला. जुडगा हिसकावून मी कुलूप काढलं आणि दार उघडलं. पांढरं धुकं पायांवर आलं. रॅक, डबे, बाटल्या. माणूस नव्हता. डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र नाकात शिरला.

मी हुकावरचा बिल्ला ओढून पर्समध्ये टाकला.

"मॅडम, नका..."

"मेलेला माणूस येऊन काढणार आहे का? तुमच्या भीतीपायी आमची पोर जायची एक दिवस!"

मग मी कुणालाच स्वस्थ बसू दिलं नाही. सोमवारपासून खोली बंद ठेवायला लावली, भाचीचे नमुने तेवढ्यापुरते दुसऱ्या विभागात हलवले, वर गेलेली फाइल खाली ओढून आणली. मूठ बसली. नवा नियम लिहून माझ्या सहीने दारावर चिकटवला: बिल्ला बंद, प्रत्येकाने आपलं आयकार्ड अडकवायचं, हुकावर कार्ड दिसलं तर त्या माणसाला फोन करायचा, 'मी बाहेर आहे' हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. आणि ज्याचं कार्ड त्यानेच काढायचं.

मूठ तपासायला मी स्वतः आत गेले. नियमाप्रमाणे कार्ड हुकावर अडकवलं, दार ओढून घेतलं. मागच्या रॅकपाशी कोणीतरी खोकलं.

"बिल्ला तुम्ही नेलात?..." आवाज म्हातारा होता, अगदी मवाळ. "आता बाहेरच्यांना कळायचं कसं... मी आत आहे ते?"

मी मुठीवर दोन्ही हात आदळले. दार उघडलं, मी बाहेर आले, कार्ड गळ्यात घातलं. घातलंच. त्याशिवाय विद्यापीठाचं फाटक उघडत नाही, आणि मी घरी आले आहे.

भाची आता बिनधास्त आत-बाहेर करते. काका तिला पुन्हा दिसले नाहीत. बहीण म्हणते, ताई, एक काम धड केलंस.

पण मी मूठ तपासली त्याच संध्याकाळी वॉचमनचा फोन आला. मॅडम, तुमचं कार्ड हुकावर आहे, बाहेर आहात ना? कार्ड माझ्या गळ्यात होतं. हे बघा, आत्ताही आहे. काढून टाका म्हटलं, तर म्हणतो, ज्याचं त्यानेच काढायचं, तुमचीच सही आहे. रोज विचारतो, रोज मी 'बाहेर आहे' म्हणते. काय वैताग आहे! खाली जाऊन ते काढून आणावं, पण पाय उचलत नाही.

वाजला बघा. थांबा, स्पीकरवर लावते.

"हो, मीच बोलतेय. घरी आहे. समोर पाहुणे बसलेत. बाहेर आहे मी."

"नक्की ना, मॅडम?..."

"किती वेळा सांगू?"

"तसं नाही... आज दार वाजतंय. उघडून बघितलं, कोणी नाही. लावलं की पुन्हा वाजतं. आणि आज हाका पण येतायत... आवाज तुमचा आहे."

"..."

"मॅडम?... मग लावू ना कुलूप?"