सरासरी वीस

दिवे गेले होते. कारखान्याच्या विश्रांतीच्या खोलीत चौघे नवे कामगार एका मेणबत्तीभोवती कोंडाळं करून बसले होते आणि वायरमनकाका भिंतीला पाठ लावून पाय लांब करून बसले होते.

"वायरमन घरात आणि आपण अंधारात," एकजण म्हणाला.

"फॉल्ट बाहेरचा आहे रे. माझ्या हातात असतं तर तुझ्या डोक्यात पण प्रकाश पाडला असता."

सगळे हसले. मग दुसऱ्यानं हळूच विचारलं, "काका, त्या कोल्ड स्टोरेजच्या भोंग्याचं खरं आहे का हो?"

काकांनी पाय जवळ घेतले.

"ज्याच्यावर ते गुदरलं, तो दोन वर्षं माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा. झोपायचा कसला, टक्क जागा असायचा. त्यानं सांगितलं तेवढंच सांगतो. तिखटमीठच लावायचं असतं तर आचारी नसतो झालो?"

तेरा तारीख. मंगळवार. रात्रीचे अकराला दहा कमी होते, तेव्हा धाकटा भाऊ थोरल्याचा कोट परत द्यायला कोल्ड स्टोरेजच्या गेटवर पोचला. जाड, निळा, कापूस भरलेला, गोठवणाऱ्या खोलीत घालायचा कंपनीचा कोट. 'वस्तू जमा करावी' असा निरोप आला होता. माणूस गेल्याला सात दिवस झाले होते आणि यांना कोट हवा होता.

वहिनीनं तो तीन वेळा धुतला होता. तरी वास जात नव्हता. आधी मासळीचा, आणि त्याच्या खालून दुसरा, कुबट मुतारीसारखा, नाकात शिरला की डोळ्यांतून पाणी काढणारा. अमोनियाचा. खोल्या थंड ठेवायला हाच गॅस नळांमधून फिरवतात.

रखवालदारानं नेहमीप्रमाणे फोन काढून घेऊन खणात टाकला. स्टोअरकीपरनं कोट दोन बोटांत धरला.

"धुतलाय ना? घाण येतेय."

"तुमचीच घाण आहे," धाकटा म्हणाला. "आमच्या घरात नव्हती."

थोरला तिथं मेकॅनिक होता. सहा तारखेला रात्री अकराच्या सुमाराला तीन नंबरच्या खोलीत नळाचा जोड बघायला गेला, तो बाहेर आलाच नाही. बाराला सापडला. दाराजवळ नाही, समोरच्या भिंतीशी. हातमोजे फाटलेले, बोटं सोलवटलेली. चौकशी झाली. मॅनेजरनं एक कागद पुढे केला. अकरा ते बारा, खोली तीन, गॅसची सरासरी वीस. धोक्याची रेघ पंचवीसवर. म्हणजे गॅस नव्हता. मग माणूस मेला कशानं? तर प्यायलेला असणार. शुद्धीतला माणूस दाराकडे जातो, भिंतीकडे कशाला जाईल?

थोरल्यानं उभ्या आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता. आणि आता वहिनी नळावर गेली की बायका गप्प व्हायच्या.

धाकट्याचं शिक्षण बेताचंच. चौथीनंतर शाळेनं त्याला सोडलं की त्यानं शाळेला, हे दोघांनाही आठवत नव्हतं. पण वीस हा आकडा त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता. कोट टाकून तो घरी गेला नाही. सरळ जिना चढून वरच्या खोलीत गेला, जिथं रात्रपाळीचा कॉम्प्युटरवाला बसायचा. पोरगेला, चष्मेवाला, थोरल्याबरोबर रोज चहा पिणारा.

"तुझ्या कॉम्प्युटरनं माझ्या भावाला दारुडा ठरवलं," धाकटा म्हणाला. "दाखव मला तो वीस."

"बस ना आधी. पाणी घे."

"तुझ्या हातचं पाणी नको."

कॉम्प्युटरवाल्यानं मान खाली घातली. मग सांगू लागला. प्रत्येक खोलीत गॅस हुंगणारा एक डबा आहे, सेन्सर. तो दर सेकंदाला एक आकडा पाठवतो. तासाचे तीन हजार सहाशे. एवढे सगळे कायम ठेवायला जागा कुठली? म्हणून सात दिवस ठेवायचे. मग रात्री दोनच्या ठोक्याला कॉम्प्युटर आपोआप तासातासाची सरासरी काढतो, तेवढा एकच आकडा ठेवतो आणि बाकीचे पुसून टाकतो.

"आणि भोंगा? भोंगा का नाही वाजला?"

"आधी मिनिटावर होता. जरा कुठं गॅस सुटला की बोंबलायचा. साहेबांची झोपमोड व्हायची. म्हणून त्यांनी तासाच्या सरासरीवर लावायला सांगितला."

"कुणी लावला?"

कॉम्प्युटरवाला चष्मा काढून शर्टाला पुसत बसला. उत्तर आलंच.

धाकट्यानं त्याची गचांडी धरली. "पाच मिनिटं तुझं तोंड पाण्यात दाबून धरतो आणि पंचावन्न मिनिटं वर ठेवतो. मग लिही कागदावर, सरासरीनं कोरडाच होता म्हणून."

"दाखवतो... सोड... सहा तारखेचे सेकंदाचे आकडे आहेत अजून. आज दोनपर्यंत."

त्यानं दाखवले. अकरा एकोणीसपर्यंत शून्य, शून्य, शून्य. अकरा वीसला चाळीस. मग एकशे नव्वद. मग तीनशे. तीनशे. तीनशे. धाकटा बोट ठेवून वाचत गेला. चार मिनिटं नुसते तीनशे. मग पंखा आपोआप सुरू झाला असावा, कारण पुन्हा शून्य.

"सगळे सारखे कसे?"

"डब्याला तीनशेच्या पुढं मोजताच येत नाही. किती होता देव जाणे. तीनशेला डोळे उघडत नाहीत, श्वास आत जात नाही. दार कुठल्या बाजूला आहे तेही..." तो थांबला. "चार मिनिटांचे तीनशे तासाभरावर पसरले की होतात वीस. हिशोब बरोबर आहे. बरोबर आहे तेच वाईट आहे."

भावाचा शेवटचा श्वास यांनी पातळ केला होता, दुधात पाणी घालतात तसा. आणि वर रेघेच्या आत आहे म्हणून सही मारली होती.

"छापून दे."

"छापायचा पासवर्ड साहेबांकडे."

"फोन लाव त्याला."

लावला. पलीकडून झोपाळलेला आवाज आला. "सरासरी दिली आहे ना? सरकारी माणूस सरासरीच मागतो. सेकंदांचं लोणचं घालायचंय का?" फोन बंद.

मग धाकट्यानं टेबलावरचा एक कोरा फॉर्म ओढला, उलटा केला आणि हातानं लिहायला बसला. वेळ, आकडा. वेळ, आकडा. अक्षर कोंबडीच्या पायाचं. हात भरून यायचा, तो झटकायचा, पुन्हा लिहायचा. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "हे कुणी मानणार नाही रे." धाकटा म्हणाला, "तू सही कर." त्यावर कॉम्प्युटरवाल्यानं आपलं पेन खिशात खोचलं.

मेणबत्ती फडफडली. चौघांतला एकजण म्हणाला, "करायला काय झालं होतं सही?"

"नोकरी झाली होती," काका म्हणाले. "ऐक पुढं."

दोनाला दहा कमी असताना कॉम्प्युटरवाल्याची खुर्ची करकरली.

"हे काय?"

पडद्याच्या कोपऱ्यात सगळ्या खोल्यांचे चालू आकडे असतात. एक, शून्य. दोन, शून्य. चार, शून्य. तीन नंबरपुढं चाळीस.

"तीनमध्ये गॅस सुटला?"

"तीन बंद आहे. सात तारखेपासून कुलूप आहे. नळ तोडलाय." त्यानं टेबलाखाली बोट दाखवलं. "डबा पण काढलाय. तो बघ."

सेन्सर तिथं पडला होता. धुळीत. वायर कापलेली.

पडद्यावर एकशे नव्वद झाले.

मग तीनशे.

धाकट्यानं टेबलाच्या खणातला टॉर्च आणि किल्ली उचलली. मागून हाक आली, "जाऊ नको!" तो जिना उतरूनसुद्धा झाला होता. असा होता तो. आधी पाय, मग डोकं.

खालची बोळ ओली होती. बुटांखाली खवले चिकटत होते. तीन नंबरचं दार कोटाइतकं जाड. कुलूप काढलं. दार ओढलं. दोनाला चार कमी होते.

आत काळोख. गॅसचा वास नव्हता. सडक्या मासळीचा होता. जमिनीवर कसला तरी बुळबुळीत चिकटा पसरला होता. टॉर्च समोरच्या भिंतीवर पडला. नळ तोडून सात दिवस झाले तरी तिथला बर्फाचा पापुद्रा वितळला नव्हता. त्यावर गुडघ्याच्या उंचीला बोटांचे ओरखडे. पाच. पुन्हा पाच. पुन्हा पाच. सगळे एकाच बाजूला सरकत गेलेले... दारापासून लांब.

टॉर्च विझला.

आणि मग आवाज आला.

सर्र... सर्र...

कोरडं कापड भिंतीवर घासावं तसा. खालून. कुणीतरी चाचपत होतं.

"दादा?"

आवाज थांबला.

पुन्हा सुरू झाला. लांब जात होता. कोपऱ्याकडे. चुकीच्या बाजूला.

धाकटा तिथंच ओकला. पण दार सोडलं नाही. एक हात दाराच्या कडेवर, एक पुढं. त्याला एकच कळलं. सात दिवस झाले तरी याला दार सापडलेलं नाही.

"दादा, इकडे. दार इकडे आहे."

सर्र...

"माझ्या आवाजावर ये. इकडे. मी आहे. इकडे."

किती वेळ म्हणत होता, त्याला ठाऊक नाही. घसा फाटला. आवाज जवळ आला. थांबला. जवळ आला. मग तो वास. कुबट. मुतारीसारखा. डोळे मिटले गेले. श्वास आत जाईना. तरी तो तोंड उघडून म्हणत राहिला.

"इकडे... इकडे..."

त्याच्या चेहऱ्याला काहीतरी लागलं. गार. ओलं. फाटलेल्या हातमोज्यातून बाहेर आलेली बोटं. कातडी नसलेली. ती गालावरून फिरली. नाकावरून. कानावर. ओळख पटवल्यासारखी.

तो हलला नाही.

मग ती बोटं त्याच्या खांद्यावरून दाराच्या कडेवर गेली... आणि त्याला ओलांडून काहीतरी बाहेर पडलं.

त्याच क्षणी भोंगा वाजला.

अख्खं कोल्ड स्टोरेज दणाणलं. रखवालदार धावला, हमाल धावले. धाकटा बोळीत चार पायांवर होता, गालावर चिकटा, तोंडातून लाळ. दोघांनी धरून त्याला वर नेलं. घड्याळात दोन वाजून गेले होते. सेकंदाचे आकडे पुसले गेले होते. त्याच्या फॉर्मवर निम्मेच आकडे उतरले होते.

"राहिलंच," तो म्हणाला. "पुसलं ना सगळं?"

कॉम्प्युटरवाल्यानं पडदा त्याच्याकडे वळवला.

अर्ध्या तासात मॅनेजर आला. पायात सपाता, शर्ट उलटा घातलेला. "बंद करा तो भोंगा! कशावर वाजतोय?"

"सरासरीवर, साहेब," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "तुम्ही सांगितलं तसाच लावलाय. सहा तारीख, अकरा ते बारा, खोली तीन. सरासरी तीनशे."

"मूर्खासारखं बोलू नकोस. वीस आहे तिथं."

"तुमच्या कागदावर वीस आहे. कॉम्प्युटरनं आत्ता दोनला कायमचा लिहिला, तो तीनशे."

"चूक आहे. सेकंदाचे आकडे काढ, पुन्हा मोज."

"पुसले, साहेब. नियमाप्रमाणे."

मॅनेजर त्या पडद्याकडे बघत राहिला. नाकाला रुमाल लावला. खोलीत कसला वास येतोय, असं कुणालातरी विचारलं.

कॉम्प्युटरवाल्यानं पेन घेतलं आणि धाकट्याच्या अर्धवट फॉर्मखाली सही केली. नोकरी गेली त्याची. पण सरकारी माणूस पुन्हा आला तेव्हा त्यानं सरासरीच मागितली, आणि ती तीनशे निघाली. कागदावर 'गॅसनं मृत्यू' लागलं. दारूचं नाव पुसलं गेलं. वहिनी नळावर गेली की बायका आता जागा करून द्यायच्या. धाकट्याला त्याचीही शिसारी यायची. एका आकड्यानं माणूस दारुडा, दुसऱ्यानं देवमाणूस.

काका थांबले. मेणबत्ती बुडाशी आली होती.

"भूत गेलं ना मग?" एकानं विचारलं. "दार सापडलं ना त्याला?"

"सापडलं असावं. पुन्हा आवाज आला नाही."

"मग धाकटा तुमच्या शेजारी रात्रभर जागा का असायचा?"

काका भिंतीपासून पुढे सरकले.

"तीनशे चारच मिनिटं होते. बाकीची छप्पन मिनिटं शून्य. धाकट्यानं स्वतः बोट ठेवून वाचले होते. आता अख्ख्या तासाची सरासरी तीनशे यायची, तर त्यातला एकही सेकंद तीनशेच्या खाली असून चालत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "थोरला सापडला बाराला. चार मिनिटांत संपला, की तासभर त्या गॅसमध्ये चाचपत राहिला, ते कुणाला माहीत?... मागचे आकडे पुसलेत. बघता येत नाही. तो एकच आकडा अजून आहे तिथं. तीनशे."