शून्य भुकेची गल्ली

आमच्या गल्लीत एकही माणूस उपाशी नाही, असं वाढपी म्हणत होता. आणि वाढपी कधी खोटं बोलत नाही, कारण त्याला ते येतच नाही.

वाढपी म्हणजे यंत्रमानव. इचलकरंजीतली आमची गल्ली यंत्रमागवाल्यांची (विजेच्या मागावर कापड विणणाऱ्यांची). माणसाशिवाय चालणारे नवे माग आले आणि दोन महिन्यांपूर्वी गल्लीतला खडखडाट थांबला. लोक नवं काम शिकेपर्यंत कुणाची उपासमार होऊ नये म्हणून पुरवठा समितीनं गल्लीच्या तोंडाशी स्वयंपाकघर उघडलं. वाढपी रोज दुपारी दारोदार फिरून विचारायचा, "घरात जेवणाची अडचण आहे का?" जितके हो, तितक्याच माणसांचा स्वयंपाक. एकवीस दिवसांत एकानंही हो म्हटलं नाही. म्हणून येत्या शनिवारी समितीचे साहेब येऊन स्वयंपाकघर बंद करणार होते.

मी मैथिली बुगड, सहावी ब. मला हे काही पटेना, आणि न पटलेली गोष्ट मी सोडत नाही. आमच्या घरात विचारा कुणालाही.

कारण माझी मैत्रीण सुकन्या. शाळेतल्या दुपारच्या जेवणात ती तीन-तीनदा भात मागून घ्यायची. तीच सुकन्या रविवारी आमच्या अंगणात खेळता खेळता चक्कर येऊन खाली बसली. सकाळपासून काय खाल्लंस विचारलं तर म्हणते, चहा. आणि त्याच दुपारी तिच्या आईनं, शैलाकाकूंनी, वाढपीला हसत सांगितलं होतं, "आमची जेवणं कधीच झाली बाबा." बुधवारपासून शाळेला सुट्टी. म्हणजे शाळेतला भात बंद, आणि शनिवारी स्वयंपाकघरही बंद. मग सुकन्यानं खायचं काय?

मी तडक आजोबांकडे गेले. आजोबांनी चाळीस वर्षं मोजमापाची उपकरणं तयार केली आहेत.

"आजोबा, वाढपी बिघडलाय."

"वाढपी ठणठणीत आहे. त्याची मोजायची रीत बिघडलीय. ये, दाखवतो."

त्यांनी छोट्या वाटीत दोन घोट गरम दूध घेतलं आणि फ्रीजमधून काढलेला गारेगार डाव त्यात बुडवला. "आता बोट घाल."

दूध कोमट झालं होतं.

"बघ. हा डाव म्हणजे तापमापक समज. इतकं गार उपकरण इतक्याशा दुधात घातलं, तर ते दुधाचं तापमान मोजत नाही, बदलूनच टाकतं. याला मापन-परिणाम म्हणायचं (मोजण्यामुळेच मोजायची गोष्ट बदलणं). वाढपीचा प्रश्न तसाच आहे. शेजारीपाजारी ऐकत असताना दारात विचारलं, अडचण आहे का, की माणूस आधी मान सांभाळतो आणि मग पोट. या गल्लीनं अर्ध्या देशाला कापड पुरवलंय, बाळा. ती हात पसरणार नाही."

"मग सुकन्या शाळेत बरी मागते?" असं मी विचारलं आणि विचारता विचारताच माझी ट्यूब पेटली. "शाळेत कुणी विचारतच नाही! सगळेच एका रांगेत जेवतात. त्यामुळे कोण उपाशी आलंय ते कळतच नाही."

आजोबा मिशीत हसले. खोटं कशाला सांगू, माझी छाती दोन इंच फुगली.

दुसऱ्या दिवशी वाढपी आमच्या दारात आला. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. मी ठणकावून सांगितलं, "हो. एकशे साठ माणसांची अडचण आहे. अख्खी गल्ली आज आमच्याकडे जेवायला आहे."

वाढपीचे दिवे दोनदा लुकलुकले. पण हो म्हणणाऱ्याची उलटतपासणी करायचा नियम त्याच्यात घातलेलाच नव्हता. त्यानं आकडा टिपला आणि गेला.

आईनं डोक्याला हात लावला. "अगं, आपल्या घरी आहे की खायला. ज्यांच्याकडे आहे त्यांनी फुकट का जेवायचं?"

"दोन प्रकारच्या चुका असतात, सूनबाई," आजोबा म्हणाले. "एक सामील करण्याची चूक (गरज नसलेला माणूसही जेवून जाणं). दुसरी वगळण्याची चूक (गरज असलेला उपाशीच राहणं). पहिलीत चार घास जास्त जातात. दुसरीत पोर चक्कर येऊन पडतं. कुठली परवडेल? आपल्याकडे जास्त आहे ना, मग आपण कर जास्त भरू. फरक घेताना करावा, वाढताना करू नये."

संध्याकाळी गल्लीत सतरंज्या पडल्या. मी घरोघर जाऊन बोलावणं केलं. आधी आमच्या घरची माणसं जेवायला बसली, मग डॉक्टर लोखंडेबाई, मग आमचे मुख्याध्यापक. त्यांना बघून एकेक दार उघडायला लागलं. रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून शैलाकाकू वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. झुणका, भाकरी, आमटी, भात. पहिल्या दिवशी एकसष्ट जण जेवले. दुसऱ्या दिवशीही मी वाढपीला तेच उत्तर दिलं, तेव्हा एकशे नऊ. शुक्रवारी एकशे बावन्न, आणि पातेल्यात काही उरलं नाही. सुकन्या माझ्या शेजारी बसून पोटभर जेवली. तिचे गाल बघून मला इतका आनंद झाला की माझाच भात खाली सांडला.

वाढपी म्हणाला, "माझे एकवीस दिवसांचे आकडे चुकीचे होते. आजपासून मी दारात विचारणार नाही. उरलेलं अन्न तोलून दुसऱ्या दिवसाचा अंदाज करीन." यंत्रानं चूक इतकी सरळ कबूल केलेली मी पहिल्यांदाच पाहिली. आमच्या वर्गातल्या काही जणांनी शिकण्यासारखं आहे.

शनिवारी साहेब आले. हातात कुलूप होतं. शंभरावर माणसं जेवताना पाहून ते गोंधळले. वाढपीनं त्यांना सगळे आकडे वाचून दाखवले. ते ऐकून साहेबांनी वही उघडली. मग म्हणाले, "असं असेल तर जिल्ह्यातल्या बाकीच्या स्वयंपाकघरांतही दारातला प्रश्न बंद करून बघायला हवा. पण मला अहवालात लिहावं लागेल. यातले गरजू नेमके कोण?"

"तुम्हीच ओळखा," मी म्हटलं.

साहेबांनी पंगत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. डॉक्टरबाई ताक पीत होत्या. मुख्याध्यापक भाकरी कुस्करत होते. माझे आजोबा, सुकन्या, माग बंद पडलेली सगळी माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, ताठ मानेनं. साहेबांना एकही ओळखता येईना. त्यांनी वही मिटली आणि कुलूप पिशवीत टाकलं.

तेवढ्यात शैलाकाकू जरा सरकल्या, शेजारच्या जागेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उभे का साहेब? बसा, जेवून घ्या."