पाच आधी, मग चार

"'दुरुस्ती'तला रु ऱ्हस्व हवा," तो आत येता येताच म्हणाला. "बाकी पाटी छान आहे."

आला होता पंक्चर काढायला! ती गुडघ्यावर बसून एका चाकाचे बोल्ट आवळत होती. त्या गोष्टीला आता बारा वर्षं होतील, पण तिला पक्कं आठवतं, आधी राग आला होता आणि त्याची पाठ वळल्यावर हसू. त्याचं बारसं तिने तिथल्या तिथे करून टाकलं – ऱ्हस्वदीर्घ. तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. लोकांच्या चुका काढणं हा त्याचा धंदाच होता.

तिलाही एक टोपणनाव होतं. बाबांच्या त्या गॅरेजात मापं घेणं आणि चाकं मागवणं तिच्याकडे असे, आणि तिचा आकडा कधी चुकत नसे, म्हणून सगळे तिला मोजपट्टी म्हणत.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची. लहानशी, लाल, पण अंगात भलतीच रग असलेली, पुढच्या चाकांवर पळणारी. भाऊ परदेशी गेला आणि ती याच्या वाट्याला आली. पंक्चर निघालं तरी स्वारी हलेना. त्याला नवी, रुंद चाकं हवी होती, आणि ती मडगार्डच्या बाहेर चांगली डोकावली पाहिजेत, म्हणजे गाडी रुबाबदार दिसते, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी ऑफसेट साठचा मागवा, असंही त्याने सांगून टाकलं. आकडा मोठा, तेवढं चाक बाहेर!

ती खदखदून हसली. मग खडू घेऊन तिने फरशीवर चाक काढलं. हा चाकाचा मध्य, आणि चाक गाडीला टेकतं ती ही जागा. दोन्हींतलं अंतर म्हणजे ऑफसेट.

"आकडा वाढला की चाक आत जातं," ती म्हणाली. "उलटं आहे ते."

"मग वीसचा मागवा."

"गाडी चालवायची आहे, की नुसती उभी करून बघायची आहे?"

त्याला शब्दांनी पटेना. तेव्हा तिने जुन्याच चाकांमागे जाड चकत्या घालून ती बाहेर आणली, लांब बोल्ट लावले आणि त्याला मागच्या मोकळ्या मैदानात नेलं. ऊन कलतं होतं, गाडीत तापलेल्या रबराचा वास होता. त्याने ॲक्सिलरेटर दाबला मात्र, स्टिअरिंगने त्याचे हात खेचले... डावीकडे, मग उजवीकडे. तिने झटकन त्याच्या हातावर हात ठेवला. गाडी थांबली. हात काही लगेच निघाला नाही.

"पुढचीच चाकं ओढणार, पुढचीच वळणार," ती काचेतून समोर बघत म्हणाली. "फार बाहेर काढली की अशी हट्टाला पेटतात."

"थोडं तरी?"

"मूळ पन्नास आहे. पंचेचाळीस घ्या. पाच मिलिमीटर हौस पुष्कळ झाली."

त्यानंतर तो रोज संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून यायला लागला. कधी हवा तपासायला, कधी नुसतंच गाडी धुवायला. एकदा तर ब्रश आणि रंग घेऊनच आला आणि शिडीवर चढून पाटीवरचा रू ऱ्हस्व करून गेला. बाबा खालून शिडी धरून उभे होते. ती हिशेबाने वागणारी मुलगी, पण संध्याकाळ झाली की तिचं लक्ष फाटकाकडे जायचं.

मग एके दिवशी त्याने सांगितलं, की सात तासांवरच्या शहरात मोठ्या छापखान्यात जागा मिळाली आहे. पहिल्या तारखेला हजर व्हायचं. नवी चाकं आली, की त्याच गाडीने निघणार. ती म्हणाली, "वा, छान." हा माणूस काही न बोलता निघून जाणार, आणि आपणही त्याला तसंच जाऊ देणार, याची तिला भीती वाटायला लागली.

त्याच दिवशी चाकं मागवायची चिठ्ठी लिहायची होती. चाकं यायला पंधरा दिवस लागतात, हे तिने त्याला आधीच सांगितलं होतं.

"पंचेचाळीस," तो म्हणाला.

बोलताना पाच आधी येतो, मग चाळीस. तिच्या हाताने आधी पाच लिहिला, मग चार. ५४. तिला चूक लगेच दिसली. चोपन्नचं ते रुंद चाक इतकं आत जाणार, की सस्पेन्शनला घासणार. परत पाठवावं लागेल, बदलून यायला पंधरा दिवस... पंधरा दिवस! तिने पेन खाली ठेवलं. गिऱ्हाइकाने आकडा वाचून सही करायची, ही बाबांची शिस्त. त्याने सही केली, आपली प्रत घेतली आणि गेला.

चाकं आली. घासली. बाबांनी चिठ्ठी पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं.

"पंचेचाळीसचे चोपन्न? तू?"

बाबांनी चष्मा पुसला आणि चहा सांगून येतो म्हणून बाहेर पडले. चहा रोज आतच व्हायचा.

तो लाल गाडीला टेकून उभा होता.

"ती चूक मला दिसली होती," ती म्हणाली. "मी खोडली नाही. तुम्ही जाऊ नये म्हणून... तुमची नोकरी अडचणीत आली असेल. माझं चुकलंच."

त्याने गाडीच्या कप्प्यातून आपली प्रत काढली. ५ आणि ४ यांच्याभोवती पेन्सिलची बारीक नागमोडी खूण होती. अक्षरांची अदलाबदल झाली, की तो मुद्रितावर करायचा तशी.

"पाटीवरचा उकार मला रस्त्यावरून दिसला," तो म्हणाला. "हा तर नाकाखाली होता. नव्या छापखान्याला मी त्याच संध्याकाळी कळवलं, की पंधरा दिवस उशिरा येतो."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू का खोडलं नाहीस?"

ते पहिलं 'तू'. तिने ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं.

"राहू दे म्हटलं," ती म्हणाली. "तू वाचशील की नाही... बघावं."

पंधरा दिवसांनी तो पंचेचाळीसच्या चाकांवर गेला. दर रविवारी सात तास गाडी हाकत यायचा, आणि वर्षाने ती त्याच गाडीतून त्याच्या गावी गेली.

काल त्यांच्या दुसरीतल्या लेकीने वही आणली. बाईंनी पंचेचाळीस सांगितले होते, तिने ५४ लिहिले होते, वर लाल फुली. मोजपट्टीने ती वही त्याच्यापुढे धरली. जन्मात एकच चूक सोडलेल्या त्या माणसाने तो आकडा पाहिला.

"आईवर गेली," तो म्हणाला, आणि वही मिटून ठेवली.